ओरडणाऱ्यांची वही

बंदवाल्या ताई कुठल्याही कारखान्यात शिरल्या की आधी काहीतरी बंद करायच्या. लोक बाहेरून माणूस बोलावतात ते बंद पडलेलं चालू करायला. या मात्र धडधडीत चालू असलेलं बंद करायच्या. आणि बंद करून पळून नाही जायच्या हो! तिथंच प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायच्या, मांडीवर लांबोडकी वही उघडायच्या, मनगटावरचं घड्याळ काढून वहीवर ठेवायच्या आणि वाट बघायच्या. कोण ओरडत येतंय त्याची.

खरं नाव वेगळं होतं. पण आमच्या अकोल्याच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसणाऱ्या रामभाऊंनी दुसऱ्याच दिवशी त्यांचं बारसं करून टाकलं. "भाऊ, ते बंदवाली ताई आली पाहा," असं त्यांनी मला फोनवर कळवलं आणि तेच चिकटलं. ताईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं. आमच्या कामाले मराठीत नावच नव्हतं."

आमचा धंदा बियाण्यांचा. तूर, हरभरा, सोयाबीन. बाबांनी सुरू केला, मी वाढवला. निदान मी लोकांना असंच सांगत आलो. कारखान्यात एक थंड खोली आहे, तिथं मूळ बियाणं ठेवतात. अकोल्याचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला जास्त सांगायला नको. आमचा कॉम्प्युटरवाला गजानन, त्यानं मुख्य मशीनसुद्धा त्याच खोलीत नेऊन ठेवल्या होत्या, तुरीच्या पिशव्यांच्या मांडीला मांडी लावून. तरी दर उन्हाळ्यात काहीतरी जळायचंच. एका वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर तीन दिवस सगळं ठप्प झालं, तेव्हा मी ठरवलं, बस्स, आता सगळं क्लाउडवर. म्हणजे आपली माहिती आपल्या खोलीत ठेवायची नाही, दूरच्या कुठल्या मोठ्या कंपनीच्या मशीनवर ठेवायची आणि इंटरनेटवरून वापरायची. रामभाऊंना समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "ढगात ठेवून राह्यले? वऱ्हाडात ढगाचा भरोसा कोन धरते, भाऊ?"

ताई मूळच्या वलगावच्या. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत बारा वर्षं हेच, लोकांचं सगळं क्लाउडवर हलवून द्यायचं काम करून आईसाठी अमरावतीला परत आलेल्या. इकडच्या कारखान्यांची, दवाखान्यांची कामं एकटीच्या बळावर घ्यायच्या. संक्रांत झाली आणि त्या आमच्याकडे आल्या. पहिल्याच भेटीत मी माझा तोरा दाखवला. म्हटलं, "मॅडम, आमचा गजानन पंधरा वर्षांपासून आहे. त्याला इथली वायर न् वायर माहीत आहे. मग तुम्ही नेमकं काय करणार?"

"तेच तर," त्या म्हणाल्या. "त्याले सगळं माहीत हाय. घरच्या माणसाले घरचा उंबरठा दिसत नाही, सर. तो झोपेतही ओलांडते. ठेच बाहेरच्यालेच लागते. तुमी मले ठेच लागाले बोलावलं." मग गजाननकडे बघून म्हणाल्या, "अन् गजाननभाऊनं इचारलं की हे काहून असं, तर तुमी म्हणसान, पंधरा वर्षं काय करत होता? मी इचारलं तर कोनाची इज्जत जात नाही." गजानन इतक्या जोरात मान हलवत होता की मला त्याचाच राग आला.

ती वही म्हणजे एक नमुना होती. मशीन बंद केली की कोण ओरडतं, त्यावरून ती कोणाच्या कामाची ते हलवण्याआधी कळायचं. पानावर चार रकाने आखलेले. मशीन कोणती, कोण ओरडलं, किती वेळानं, काय म्हणाले. ज्याच्या तोंडचं जे निघेल ते तसंच लिहायच्या, सोवळं करायच्या नाहीत. 'वजनकाटा. रामभाऊ. चार मिनिटं. कोन्या गाढवानं बंद केलं बे?' 'प्रयोगशाळा. तिथल्या बाई. अकरा मिनिटं. आता माझे चारशे दाणे तुम्हीच मोजा.' 'पॅकिंग. सगळे. अर्धं मिनिट. लिहिण्यासारखं नाही.' आणि एका पानावर मीही होतो: 'ऑफिस. मालक. दोन तास. आज इतकं शांत शांत का वाटतंय?' मी ते वाचून हसलो होतो, आता हसू येत नाही.

एकदा मी विचारलं, ही पद्धत पुण्यात शिकलात का? "पुण्यात याले इंग्रजी नाव हाय. शिकली मी वलगावात." त्यांचे वडील लाइनमन होते. खांबावर चढायचं असलं की आधी लाइन बंद करायचे आणि लगेच वर न चढता खालीच उभे राहायचे, कोण दारात येतं ते बघत. पहिला यायचा पिठाच्या गिरणीवाला, शिव्या देत. लहानगी ताई घाबरून बापाचा हात धरायची. "बाबा म्हणत, ओरडते त्याचं टेन्शन नको घेऊ, पोरी. तो आपलं आपन पाहून घेते. जो ओरडला नाही त्याच्या घरी जाऊन पाह्यजो. कोनी बिमार असन, कोनी म्हातारं असन." हे सांगताना त्यांचा फोन वाजला. "जय भीम, माय," म्हणत त्या बाहेर गेल्या आणि आईनं औषध घेतलं की नाही याची चौकशी करत बराच वेळ उन्हात उभ्या राहिल्या.

केबिनमध्ये चहा घेत नसत. वजनकाट्यापाशी, हमालांमध्ये बसून घेत, सोबत कागदावर कच्चा चिवडा. "चहा हातात असला की माणूस खरं बोलते," म्हणायच्या. तिथंच त्यांना कळलं की पॅकिंगच्या टेबलाखाली एक डबडं मशीन आहे, ज्यावर कामगार पाय ठेवून बसतात आणि पिशव्यांवर छापायचे नंबर त्यातूनच येतात. गजानन ते साफ विसरून गेला होता. आमचं आम्ही सगळं हलवलं असतं, तर पेरणीत बिननंबरी पिशव्या बाहेर पडल्या असत्या आणि आमच्या नावाचा बाजार उठला असता. त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला म्हटलं, बाहेरचा माणूस का बोलवावा ते मला आज समजलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! काही समजलं नव्हतं.

ज्यांच्यासाठी कोणीच ओरडलं नाही त्या मशीन ताई वहीच्या शेवटी लिहायच्या. त्या पानांना मुकी पानं म्हणायच्या. त्यात एक मशीन होती थंड खोलीच्या कोपऱ्यात, पिशव्यांच्या रॅकमागे, निळी खोळ घातलेली. गजानन म्हणाला, जुनाट आहे, कधीच मेली असेल. ताईंनी तिची वायर काढून पंधरा दिवस वाट बघितली. चिटपाखरूही फिरकलं नाही. मी म्हटलं, झालं तर मग, टाका भंगारात.

ताई खोळीचं टोक चिमटीत धरून उभ्या होत्या. "सर, हे खोळ धुतलेली हाय. खोलीत बाकी सगळ्यावर धूळ, अन् इच्यावर नाही. न वापरलेल्या मशीनची खोळ कोन धुते?"

"झाडणाऱ्या बाईनं धुतली असेल."

"इचारलं मी तिले. तिनं नाही धुतली."

त्यांनी वायर लावली, तर मशीन चालू झाली की! पण आत शिरायला पासवर्ड मागत होती. गजानन म्हणाला, तोडता येतो. "येते," ताई म्हणाल्या. "पन दुसऱ्याच्या पेटीचं कुलूप मी तोडत नाही. पेटी कोनाची ते आधी पाहू. सर, काकाजीले इचारलं का?"

काकाजी म्हणजे माझे बाबा. तेव्हा ते अमरावतीला माझ्या बहिणीकडे होते, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. मी हसलो. म्हटलं, "मॅडम, बाबांनी कॉम्प्युटरला बोट लावलेलं मी जन्मात पाहिलं नाही. अंथरुणावर पडलेल्या माणसाला कशाला त्रास?" त्या म्हणाल्या, मी बोलू का त्यांच्याशी? मी म्हटलं, नको. दोन मिनिटांचा फोन होता. मी केला नाही आणि त्यांनाही करू दिला नाही.

मार्चअखेर मुख्य काम फत्ते झालं. एक दाणा सांडला नाही. मग ताईंनी नवाच मुद्दा काढला, की मुक्या पानांवरच्या मशीन वर्षभर जागच्या जागी राहू द्या. "बियाण्याच्या धंद्याले बारा महिने असतात, सर. एखादी मशीन पेरणीत बोलते, एखादी फुलोऱ्यात. किती जागा खाऊन राह्यल्या त्या?" मला वाटलं, बाई काम लांबवतेय. खरं सांगायचं तर तेही नव्हतं. माझ्या कारखान्यात मला ठाऊक नसलेलं काही आहे, हे एका बाहेरच्या बाईनं मला सांगावं, याचीच मला चीड आली होती. मी म्हटलं, "उरलेलं आमचं आम्ही पाहू." त्या म्हणाल्या, "माझ्या दिवसांचे पैसे नका धरू. दिवाळी झाली की मी तशीच येऊन पाहून जाईन. पन तोवर राहू द्या." मी "बघू" म्हटलं. त्यांनी दिलेल्या शेवटच्या कागदावर शेवटची ओळ होती: 'निळी खोळ. कोणी ओरडलं नाही, म्हणूनच बंद करू नका.' मी तो कागद फाइलला लावला.

एप्रिलमध्ये थंड खोलीत नवे रॅक आले. जागा हवी होती. निळ्या खोळीची मशीन पत्र्याच्या डब्यांबरोबर भंगारवाल्याच्या टेम्पोत गेली. गेटपासवर सही माझीच आहे.

दिवाळीचे चार दिवस आमचा कारखाना बंद असतो. वर्षानुवर्षं त्या दिवसांत बाबा चौकीदाराला घरी पाठवायचे, "जाय लेकरांत, मी बसतो," म्हणायचे आणि डबा घेऊन कारखाना राखत बसायचे. आम्हाला केवढं कौतुक! मोठ्या मनाचा माणूस, म्हणायचो. त्या दिवाळीला ते नव्या गुडघ्यांनी, काठी टेकत गेले आणि तासाभरात परत आले. मी फराळाचं ताट घेऊन बसलो होतो. ते दारातच उभे राहिले. सदऱ्याच्या खिशात शेतातल्या टिपणाचा कागद होता. म्हणाले, "थंड खोलीतली माझी मशीन कुठी ठेवली रे?"

माझी मशीन, म्हणाले. मी हातातला घास ताटात ठेवला.

तुरीवर मर नावाचा रोग येतो. चांगलं फुलावर आलेलं झाड उभ्या उभ्या वाळतं. बाबा बावीस वर्षांपासून, रोगानं वाळलेल्या पट्ट्यात जे झाड उभं राहील त्याचे दाणे वेगळे काढत होते, पुन्हा पेरत होते, पुन्हा निवडत होते. थंड खोलीत त्यांच्या चाळीस लहान पिशव्या होत्या, त्यांवर नुसते नंबर. कोणता नंबर कुठल्या झाडाचा, कुठल्या वर्षी किती झाडं मेली, किती टिकली, हे सगळं त्या मशीनमध्ये. तरुणपणी अमरावतीला टायपिंग शिकले होते, ते मला माहीतच नव्हतं. वर्षातून एकदा, दिवाळीत, फुलोऱ्याची मोजदाद झाली की ते तिथं एकटे बसून लिहायचे. अजून दोन-तीन वर्षांत वाण पक्का झाला असता, मग मला सांगणार होते. मी विचारलं, "बाबा, कागदावर का नाही ठेवलं?" ते म्हणाले, "कागदाले वाळवी लागते. तूच तं म्हटलं होतं ना बेटा, बाबा, आता सगळं कॉम्प्युटरवर ठेवत जा."

मी काय केलं ते सांगितलं. वाटलं, ओरडतील. ओरडले असते, काठी घातली असती पाठीत, तर मी त्यांचा आजन्म ऋणी राहिलो असतो. त्यांनी खिशातला कागद काढला, त्याची बारीक घडी घातली आणि म्हणाले, "असू दे."

मग मी ताईंना फोन केला. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाबा काय म्हणाले तेही विचारलं, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं त्या अकोल्यात हजर. मी वाट बघत होतो, आता म्हणतील, नंतर म्हणतील, 'मी सांगितलं होतं.' म्हणाल्या नाहीत. आम्ही भंगाराची दुकानं पालथी घातली. सापडला तो भंगारवाला. मे महिन्यातच मशीन फोडली होती, आतली डिस्क अॅल्युमिनियमसाठी सोलून काढली होती. त्यानं डब्यातले तुकडे दाखवले. ताई डब्यात वाकून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "चला, काकाजीकडे जाऊ."

त्यानंतरचे चार रविवार त्या अमरावतीहून येत राहिल्या. खाटेवर बाबा, खाली सतरंजीवर ताई, मध्ये चाळीस पिशव्या. "काकाजी, तुमी बोला, मी लिहितो." आमच्याकडे बायकाही 'लिहितो'च म्हणतात. बाबा दाणे तळहातावर घ्यायचे, उजेडात धरायचे, आठवायचे. अडले की ताई नंबर विचारायच्या नाहीत, भलतंच विचारायच्या. "त्या वर्षी घरी काय झालं होतं? पोरीचं लग्न का?" "नाही, लग्न पुढच्या साली. त्या साली बैल मेला होता," असं म्हणता म्हणता बाबांना त्या सालचा पट्टा आठवायचा. बावीसपैकी अकरा वर्षं अशी निघाली. पण एका ठिकाणी गाडी रुतलीच. "बावीस नंबर," बाबा म्हणाले. "सगळा पट्टा वाळला होता बाई, अन् हा एकटा हिरवागार उभा. बावीसच." मग थांबले. "का बत्तीस होता?" ताईंनी दोन्ही लिहिले. बाबा तीनदा बोलले आणि तीनदा डळमळले. शेवटी डोळे मिटून पडले आणि मला म्हणाले, "हे बाई आधी भेटाले पाह्यजे होती रे." आधीच आली होती ती. त्यांच्या मशीनची खोळ हातात धरून उभी होती.

शेवटच्या रविवारी मी ताईंना बसस्टँडवर सोडायला गेलो. एक वाक्य घरून पाठ करून निघालो होतो. माफ करा, एवढंच म्हणायचं होतं. पण गाडीत त्याच बोलू लागल्या. बंगळुरूला नोकरी धरली होती, आईला घेऊन चालल्या होत्या. मी म्हटलं, "का? इकडे कामं मिळत नाहीत?" "मिळतात ना. लोक बोलावतात, कामही करून घेतात. फक्त ऐकत नाहीत." मग पिशवीतून ती लांबोडकी वही काढून माझ्या हातात दिली. "हे तुमच्या कारखान्याची हाय. ज्याच्या घरची ओरड, त्याच्याच घरी असावी." बस लागली. "येतो, भाऊ," म्हणाल्या. इतके दिवस सर म्हणत होत्या. मी नुसता हात हलवला. वाक्य तोंडातच राहिलं.

पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. तूर तेव्हा वितभर होती. बावीस आणि बत्तीस मी दरवर्षी शेजारी शेजारी पेरतो, दिवाळीत स्वतः जाऊन झाडं मोजतो. त्यातलं बाबांचं कोणतं ते कळायला किती वर्षं लागतील, सांगता येत नाही. कारखान्यात आता काहीही बदलायचं म्हटलं की मी आधी विचारतो, यावर कोण बोललं नाही? लोकांना वाटतं, भाऊ लय समजदार झाले.

वही मी तेरवीनंतर उघडली. शेवटचं मुकं पान आता मुकं नव्हतं. ताईंच्या अक्षरात लिहिलं होतं: 'निळी खोळ. काकाजी. नऊ महिने. असू दे.' त्याखाली अजून एक ओळ आखलेली होती. 'निळी खोळ. मालक.' पुढचे दोन रकाने त्यांनी रिकामे सोडलेत. किती वेळानं, आणि काय म्हणाले. त्यांचा फोन नंबर माझ्याकडे आहे, पेनही खिशात असतं, आणि ते दोन रकाने अजून कोरेच आहेत.